मेलेल्यानं शपथ कोणाची घ्यावी?

रोहण्याच्या रूपरावांच्या घरात माणसं चार होती. स्वतः रूपराव, त्यांची बायको आनंदाबाई, मुलगा ओमप्रकाश आणि रूपरावांचे वडील तानबाजी. यांपैकी तानबाजी वारलेले होते. पण त्यामुळे त्यांचं घरातलं वजन कमी झालं नव्हतं, उलट वाढलंच होतं. जिवंतपणी रूपरावांनी बापाचं एक ऐकलं नाही, आणि बाप मेल्यावर एक टाळलं नाही.

तानबाजी आनंदाबाईच्या अंगात येत. त्यांना अमावास्या-पौर्णिमा लागत नसे. रूपरावांनी काही ठरवलं, की ते येत. रूपरावांनी अंगणातली चिंच तोडायचं ठरवलं, तानबाजी आले. रूपरावांनी म्हातारी म्हैस विकायचं ठरवलं, तानबाजी आले. चिंच अजून उभी होती, म्हैस अजून खात होती. एरवी आनंदाबाई म्हणजे डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई. नवऱ्यासमोर कधी बाजेवर बसली नाही, त्याचं नाव कधी तोंडात आणलं नाही. पण तानबाजी आले की तीच बाई बाजेवर मांडी ठोकून बसायची नि "अबे रूप्या!" अशी हाक घालायची की गोठ्यात बसलेला बैलसुद्धा उठून उभा राहायचा.

हे खरंच आबाजी, म्हणजे आजोबा, आहेत की माय आहे, असं ओमप्रकाशनं कधी विचारलं नाही. तो आर्वीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत असे, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच नको असतं तो प्रश्न त्याला लांबून ओळखू येई.

त्याच खिडकीत त्याला नलू भेटली. ती आर्वीजवळच्या एका शाळेत शिकवायची, राहायची आत्याकडे आणि शनिवारी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला बापाकडे जायची. एका शनिवारी तिनं वर्ध्याच्या गाडीची वेळ विचारली. ओमप्रकाशनं सांगितली.

"हे तर वर पाटीवर लिहिलंय," ती म्हणाली. "मी वाचलंय. खरं काय ते सांगा."

"तेच खरं आहे."

"मग तुम्ही कशाला बसलाय?"

या प्रश्नाचं उत्तर ओमप्रकाशला त्या दिवशी सापडलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं की आपल्याला लग्न करायचंय, आणि तेही हिच्याशीच. नलूची आत्या देवकाबाई ही आर्वीतली जोडे जुळवणारी बाई. तिनं चट बोलणी लावली. पोरानं पोरगी पाहिली, पोरीनं पोरगा पाहिला. आता राहिलं पोरीकडच्यांनी घर पाहणं. ब्याऐंशी सालच्या कार्तिकात, कापूस वेचणीचे दिवस असताना, नलूचे वडील प्रभाकरराव देवकाबाईला घेऊन रोहण्याला उतरले.

प्रभाकरराव वर्ध्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांना शब्दाचं कूळ पाहायची खोड होती. सोयरिकीत लोक मुलाचं कूळ पाहतात. प्रभाकरराव शब्दाचंही पाहायचे. घरात कोणी 'ब्रेकफास्ट' म्हटलं, की त्यातला उपास कुठला आणि तो मोडला कसा, हे ऐकेस्तोवर पोहे गार व्हायचे.

रोहण्यातही पोहेच होते. रूपरावांनी वावर सांगितलं, विहीर सांगितली. मग पाय पसरून म्हणाले, "पोरगी शाळेत शिकवते म्हने. लग्नानंतर सोडून देईन. आमच्या घरच्या बाया पगार घेत नाईत."

आत स्वयंपाकघरात ताट पडलं.

ओमप्रकाशनं पोह्यांची बशी खाली ठेवली. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. ताट पडलं म्हणजे आबाजी उंबरठ्यावर आलेले असत.

आनंदाबाई बाहेर आली. पदर खांद्यावर, केस मोकळे. सरळ बाजेवर चढून, मांडी घालून बसली.

"अबे रूप्या! पोरीची नोकरी काऊन सोडवून राह्यला बे? तू मॅट्रिक झाला का?"

रूपरावांनी पाय जवळ घेतले, हात जोडले. "बाबा, पाव्हणे हायेत."

"पाव्हण्याईले पाह्यलं मी. मास्तर, तुमी खा ना. पोहे थंडे होऊन राह्यले."

प्रभाकररावांनी लगेच एक चमचा तोंडात घातला. वडीलधाऱ्यांचा शब्द त्यांनी आयुष्यात मोडला नव्हता. हे वडीलधारे कोण, ते मागाहून विचारता आलं असतं.

ते त्यांनी परतीच्या गाडीत विचारलं. "देवका, तू तर म्हणालीस, घरात माणसं कमी आहेत."

"मंग?" देवकाबाई म्हणाली. "एक तं कमीच हाय."

तानबाजींच्या विचारांबद्दल प्रभाकररावांची काहीच तक्रार नव्हती. त्या घरात तेवढे एकच शहाणे दिसले, असं त्यांनी नलूला प्रामाणिकपणे सांगितलं. पण शहाणपण एकीकडे आणि प्रकृती एकीकडे. सासऱ्याचा बाप मेलेला असून रोज घरी असणार, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी कपाटातून जाडा शब्दकोश काढला.

पुढल्या बाजाराच्या दिवशी ते आर्वीला आले नि चौकशीच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. होणारा जावई असला तरी रांग ती रांग. नंबर आला तसे ते खिडकीत वाकले आणि म्हणाले, "एक्झॉर्सिझम!"

"अजून लागली नाही," ओमप्रकाश सवयीनं म्हणाला. मग त्यानं मान वर केली आणि ताडकन उभा राहिला. "मास्तरसाहेब, तुम्ही!"

"भूत उतरवण्याला इंग्रजीत हा शब्द आहे. इंग्रजीत आला लॅटिनातून, लॅटिनात ग्रीकातून. 'एक्स' म्हणजे बाहेर. आणि 'होर्कोस' म्हणजे काय असेल?"

ओमप्रकाशनं गावचा भगत डोमाजी काय काय वापरतो ते आठवलं. "मिरच्या?"

"शपथ!" प्रभाकररावांनी खिडकीच्या लाकडावर थाप मारली. "शपथ, ओमप्रकाश! धुरी नाही, लिंबू नाही, केरसुणी नाही. मुळात अर्थ एवढाच, शपथेनं बांधणं. भुताला शपथ घालायची, म्हणजे ते जातं. शब्दाच्या पोटातच उपाय लिहिलेला आहे आणि जग उगाच खोकत बसलंय."

मागून एक पागोटेवाला पुढे झुकला. त्याच्या काखेत कोंबडी होती. "मास्तर, शपथीचं होऊ द्या निवांत. पुलगावची लागली का?"

"लागली, समोर," ओमप्रकाश म्हणाला.

"भूत कोनाचं हाय पन?"

"रोहण्याच्या तानबाजींचं."

"अरे! तानबा हाये का अजून? मले वाटलं मेला."

"मेलेच आहेत."

"हां, मंग बराबर," म्हणून पागोटेवाला समाधानानं गाडीकडे गेला.

प्रभाकररावांनी आवाज खाली आणला. "येत्या रविवारी मी येतो. तानबाजींनी शपथ घेतली, घर सोडलं, तर पुढचं बोलू. नाही तर नलूला अकोल्याचं एक स्थळ आहे." वळता वळता ते म्हणाले, "तिथं सगळे जिवंत आहेत."

ओमप्रकाशनं त्या दिवशी बाकीच्या सगळ्या गाड्या बरोबर सांगितल्या, पण एकाही माणसाकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी रोहण्याला उतरल्याबरोबर त्यानं हिरालालच्या चहाच्या हॉटेलात डोमाजीला गाठलं. डोमाजीनं ऐकून घेतलं, आणि त्याला राग आला.

"शपथ? अन् मंग मी काय करतो इतके साल? मी बी तं वचन घेतो ना तानबापासून!"

"किती वेळा घेतलं, काका?"

"दरवेळी घेतो."

"आणि ते पाळतात?"

"भुताचं वचन होय बाबू ते," डोमाजी म्हणाला. "आपुन मागायचं, त्यानं द्यायचं. रीत हाय."

भट्टीमागून हिरालालनं मान काढली. "फरक है, डोमाजी. वचन सिर्फ तोंडाचं. शपथ किसी चीज की लेनी पडती. मोडली तं ते जाते." हिरालालच्या दुकानात उधार मागणारे रोज शपथा घेत, त्यामुळे त्याला या विषयाची जाण होती.

"बरं, तं कोनाची घ्यावी त्यानं?" डोमाजीनं विचारलं. "मेलेल्यानं शपथ कोनाची घ्यावी? सांगा मले."

प्रश्न वाजवी होता आणि आजवर रोहण्यात कोणाला सुचला नव्हता.

"गळ्याची," हिरालाल म्हणाला.

"गळा सरनावर जाळला आपुन. मी सोता होतो तिथं."

"मायची?"

"माय वरतेच हाय त्याची. बाजूले बसली असन. तिले काय होते आता?"

"गंगामाईची?"

"राख कौंडण्यपूरले वर्धा नदीत टाकली, गंगेचा काय संबंध?"

हिरालालनं चहा गाळता गाळता अजून एक सुचवली. "पोराची. माणूस जातो, पोरगं मागं राहते. रूपरावची शपथ."

डोमाजीनं बशी खाली ठेवली. विचार करून करून सगळे तिथंच येत होते. मेलेल्या माणसाकडे गमावण्यासारखं एवढं एकच उरलं होतं, आणि ते होते रूपराव.

"म्हणजे आबाजींनी शपथ मोडली," ओमप्रकाश सावकाश म्हणाला, "तर बाबाला काही तरी होणार?"

"तानबानं वचन मोडलं नाई असं झालं नाई कदी," डोमाजी म्हणाला. "पन रूपरावले सांगन कोन?"

ओमप्रकाशनं सांगितलं. रूपराव ऐकून उठले, अंगणात गेले, चिंचेकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी काहीही ठरवणं बंद केलं. भाजी कोणती करू, असं आतून विचारलं तरी ते म्हणत, "मले काय पुसता?" घरात इतकी शांतता झाली की शेजारचे चौकशी करून गेले.

रविवारी जेवणं आटोपल्यावर प्रभाकरराव, देवकाबाई आणि त्यांच्या मागोमाग नलू, अशी तिघं आली. पोरीनं लग्नाआधी सासरी पाऊल टाकायचं नसतं, हे देवकाबाईनं तिला गाडीत तीनदा सांगितलं होतं.

"माझ्यापायी एका म्हाताऱ्याला घराबाहेर काढताहेत," नलू म्हणाली होती. "निदान ओळख तर करून घेऊ दे."

ओसरीवर डोमाजीनं धूप लावला. आनंदाबाईला मधोमध बसवलं. ती पदर सावरून, खाली मान घालून, शांत बसली. डोमाजीनं हाका मारल्या, राख फुंकली. प्रभाकरराव खोकले. तानबाजी आले नाहीत.

बराच वेळ झाला. आनंदाबाईनं हळूच विचारलं, "दूध उतू जाईन, पाहून येऊ का?"

"असं कसं?" डोमाजी घाम पुसत म्हणाला. "इतके साल बिनबोलावता येऊन राह्यला हा मानूस!"

ओमप्रकाशच्या ध्यानात आलं. तो बापाच्या कानाशी वाकला. "बाबा, काही तरी ठरवा."

"काय ठरवू?"

"काहीही. तुम्ही ठरवल्याशिवाय ते येत नाहीत."

रूपरावांनी ओठ ओले केले. इकडे तिकडे पाहिलं. मग भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "नोकरी… सोडावी लागन पोरीले."

जवळपास एकही ताट नव्हतं, म्हणून धुपाटणं पडलं. आनंदाबाई उठून बाजेवर चढली.

"अबे रूप्या! तुले एकदा सांगतलं तं समजत नाई का?"

नलूनं चटकन वाकून नमस्कार केला. "आबाजी, मी नलू."

"सुखी राहा, बाई. लेकराईले मारत जाऊ नको शाळेत."

"नाही मारत."

प्रभाकरराव कोट सारखा करून पुढे झाले. शपथ म्हणजे कोर्टाचं काम; ते कसं चालतं याची त्यांनी मनाशी तयारी केली होती. "आपलं नाव?"

"तुमाले मालूम नाई का?"

"शपथेच्या आधी विचारावं लागतं."

"तानबाजी."

"वय?"

"मेल्याच्या अगोदरचं की आतापर्यंतचं?" डोमाजीनं मधेच विचारलं. प्रभाकररावांनी वय सोडून दिलं.

"तानबाजी, आपण रूपरावांची शपथ घेऊन सांगा, की यापुढे ह्या घरात येणार नाही."

रूपराव कोपऱ्यात बसले होते, ते पुढे सरकले. "बाबा," त्यांचा आवाज बारीक झाला होता, "पाळान ना पन?"

"तुनं माह्या गोष्टी किती पाळल्या बे?" तानबाजी म्हणाले. मग ते प्रभाकररावांकडे वळले आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "घेतो, मास्तर. पोराचं लग्न होऊन राह्यलं, मी कायले आडवा येऊ? घेतो शपथ. पन एक सांगा. मी गेल्यावर ह्या रूप्याले 'नाई' कोन म्हनन?"

गोठ्यात म्हैस हलली.

ओमप्रकाश आईच्या हातांकडे पाहत होता. मांडी तानबाजींची होती, आवाज तानबाजींचा होता; पण बोटं लुगड्याचा काठ सरळ करत होती. उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असताना काही विचारायचं झालं की माय असंच करायची. आता एक वाक्य म्हटलं जाईल, नलू ह्या घरात येईल, आणि ही बोटं आयुष्यभर काठ सरळ करत राहतील. आणि मग नलूची वेळ येईल, तेव्हा नलूसाठी यायलाही कोणी उरणार नाही.

"मास्तरसाहेब," तो म्हणाला, "राहू द्या. शपथ नको."

"काय?"

"आबाजींना काढू नका. राहू द्या त्यांना."

"अरे बावा," देवकाबाईनं कपाळाला हात लावला, "मंग अकोला!"

"अकोला तर अकोला," ओमप्रकाश म्हणाला. हे बोलताना त्याचा चेहरा इतका पडला की डोमाजीला वाटलं, आता ह्याच्याही अंगात कोणी आलं की काय.

तेवढ्यात नलू बोलली. "बाबा, त्या शब्दात भूत कुठं आहे?"

"कोणत्या शब्दात?"

"तुम्ही आणलाय तो. एक्झॉर्सिझम."

"हे काय विचारणं झालं?" प्रभाकररावांनी बोटं मोजायला घेतली. "'एक्स' म्हणजे बाहेर. 'होर्कोस' म्हणजे शपथ. आणि…" तिसरं बोट त्यांनी उघडलं, पाहिलं, पुन्हा मिटलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. इतक्या वर्षांत एवढी मोठी गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली नव्हती. "भूत… भूत नाही त्यात."

"नुसती शपथ आहे ना? मग ती भुतानंच घ्यावी असं कुठं लिहिलंय? ज्याच्यापायी भुताला यावं लागतं त्यानं घ्यावी."

सगळ्यांनी रूपरावांकडे पाहिलं. रूपरावांनी मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"मी?"

"तूच बे," तानबाजी बाजेवरून म्हणाले. "पोरगी हुशार हाय."

"कायची शपथ घेऊ?"

"आपल्या पत्नीचं ऐकीन," प्रभाकररावांचा उत्साह परत आला, "वडिलांचं ऐकतो तसं. ती 'नाही' म्हणाली तर 'नाही' समजीन."

रूपरावांनी हिशेब केला. बापाची शपथ मोडली तर बापाला आता आणखी काही होण्यासारखं नव्हतं, हा एक दिलासा होता. त्यांनी हात पुढे केला. "बाबाईची शपथ…"

"थांबा," डोमाजी म्हणाला. "तानबा समोर बसला हाय. समोरच्या मानसाची शपथ चालते का?"

"चालते," तानबाजी म्हणाले. "मी देऊन राह्यलो."

"…बाबाईची शपथ, मी रूपराव, हिचं आयकीन."

"'हिचं' म्हणजे कोणाचं?" प्रभाकररावांनी अडवलं. "शपथेत नाव लागतं."

"ओमच्या मायचं."

"नाव, रूपराव."

रूपरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हे नाव त्यांनी लग्नात एकदा घेतलं होतं, तेही उखाण्याच्या आडून आणि मागून चिमटे बसत होते म्हणून. त्यानंतर त्यांचं काम 'आयकलं का' वर भागलं होतं. ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "आनंदाबाईचं," आणि गरम बटाटा तोंडातून टाकावा तसं पुढचं टाकून दिलं, "आनंदाबाईचं आयकीन! नाई म्हनलं तं नाई! झालं?"

देवकाबाईनं तोंडाला पदर लावला. बाजेवरचे तानबाजी थोडा वेळ मुलाकडे पाहत राहिले. मग ते खाली उतरले, पदर डोक्यावर घेतला आणि आनंदाबाईच्या आवाजात म्हणाले, "दूध गेलं असन माह्यं उतू."

ती आत गेली. डोमाजी दारापर्यंत जाऊन, वास घेऊन आला. "गेला तानबा," तो म्हणाला. "शिदा घेतल्याबिगर गेला. पयल्यांदा."

रूपरावांना एकदम हलकं वाटलं. आठवडाभर काही ठरवलं नव्हतं, ते सगळं आता छातीत दाटून आलं. त्यांनी पाय पसरले. "चला मास्तर, मोकळं झालं. मंग लग्न चैत्रात करून टाकू. मी ठरवलं."

"नाई," आतून आवाज आला.

ताट पडलं नव्हतं. डोमाजी धावत आत गेला. आनंदाबाई पदर घेऊन चुलीपुढे बसली होती आणि कपात चहा गाळत होती. डोमाजीनं वाकून तिचे डोळे पाहिले, तिनंही त्याचे पाहिले. तो बाहेर आला.

"बाईच हाय," तो म्हणाला. पोटावर पाय आलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"काऊन नाई?" रूपरावांनी आतल्या बाजूला विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्या दाराकडे तोंड करून कारण विचारलं, असं ओमप्रकाशनं पहिल्यांदा पाहिलं.

"चैत्रात शाळेच्या परीक्षा असतेत. पोरगी पेपर तपासन का हयद लावून घेईन? सुट्ट्या लागू द्या."

रूपरावांनी तोंड उघडलं. मग त्यांना शपथ आठवली आणि त्यांनी तोंड मिटलं. थोड्या वेळानं ते डोमाजीकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "डोमा, बाबाले वापस आनता येते का रे? त्याईच्याशी दोन गोष्टी बोलता तरी येत होत्या."

"शपथ तुमी घेतली," डोमाजी म्हणाला. "आता ते कायले येतीन?"

चहा आला. आनंदाबाईनं तो सगळ्यांना दिला. नलूजवळ आली तेव्हा तिच्या हातात कप ठेवून, तिथंच, बाजेच्या कडेवर, अगदी टोकाला का होईना, पण बसली.

देवकाबाईनं बशीत चहा ओतला. बाई व्यवहाराची होती. "हे सगळं ठीक हाय, दादा. पन अकोल्याचे लोक परवा उत्तर मागून राह्यले. त्याईले काय कळवू?"

प्रभाकररावांनी घसा खाकरला. ते नलूकडे पाहू लागले, मग ओमप्रकाशकडे, मग छताकडे.

"त्याईले नाई म्हना," आनंदाबाई म्हणाली.

तिचं ऐकायची शपथ रूपरावांनी घेतली होती. प्रभाकररावांनी घेतली नव्हती. तरी त्यांनी लगेच मान डोलावली आणि चहा गार व्हायच्या आत पिऊन टाकला.